माझ्याकडे तर फोटो दिसत होते!

नाही, पण मला एक सांगा, कागदानं कुणाचं काय घोडं मारलं होतं? चांगला जाडजूड पेपर लिहिला होता मी, समास सोडून, पिन मारून, वर प्लॅस्टिकचं कव्हर घालून! मॅडमच्या टेबलावर ठेवायचा, मॅडमनी लाल पेनानं दोन ठिकाणी 'का?' लिहायचं, की तो कपाटात जाऊन जन्मभर झोपणार. किती सुरक्षित! पण नाही! या वर्षी मॅडमना वाटलं, पेपर कपाटात का झोपावा? "प्रत्येकानं आपल्या पेपरचं एक साधं वेब पान करायचं हं! काही नाचवायचं नाही, चमकवायचं नाही. मथळा, मजकूर, फोटो, बस्. जगाला वाचू द्या की!"

जगाला! तुम्हाला सांगतो, तिथंच माझी पंचाईत झाली. कारण माझ्या पेपरचा विषय होता... हसू नका हं... 'टीव्हीचा रिमोट आणि कुटुंबातील सत्ता'. आता अभ्यासाला कुटुंब कुठून आणायचं? मी राहतो आत्याकडे. शिकायला आलो तेव्हा हॉस्टेलात जागा मिळेना, तर आत्या म्हणाली, "हॉस्टेल कशाला? मी काय मेलेय?" तेव्हापासून तिच्याच हातचं खातोय, तिच्या लग्न झालेल्या लेकीच्या खोलीत झोपतोय. म्हणजे हाताशी कुटुंब एकच. आत्या, तिचे यजमान म्हणजे आमचे काका, आणि रिमोट. आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती, काका पोस्टात. दोघंही रिटायर झाले असं लोक म्हणतात, पण खरे रिटायर झाले ते फक्त काका.

पण मी काळजी घेतली होती हो! पेपरमध्ये आत्या म्हणजे 'सदस्य अ', काका म्हणजे 'सदस्य ब'. फोटोत चेहरे ओळखू येऊ नयेत म्हणून डोळ्यांवर काळ्या पट्ट्या मारल्या. दोघांना विचारूनच काढले होते फोटो. म्हणजे, "रिमोटचे फोटो काढतोय," असं सांगितलं होतं. खोटं काय त्यात? प्रत्येक फोटोत रिमोट आहे! आता आजूबाजूला आत्या आली, त्याला मी काय करणार?

आणि मग मॅडमनी ती शेवटची अट घातली. "प्रत्येक फोटोच्या मागे दोन ओळींचं वर्णन लिहायचं. ते पानावर दिसत नाही, पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचं मशीन ते वाचून दाखवतं." चांगली गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय? फोटो काळ्या पट्ट्यांचे, कुठला कुठला तेच कळेना, म्हणून आधी माझ्यापुरतं लिहून ठेवलं... 'आत्या झोपेचं सोंग घेऊन पडलेली, रिमोट पोटाखाली.' मग, 'काका रिमोट मागायला धीर गोळा करताना. मागितला नाही.' म्हटलं, नंतर सावकाश सदस्य अ, सदस्य ब करू. ते राहिलं ते राहिलंच. राहिलं तर राहिलं म्हणा, फोटोच्या मागे आहे, कोण बघतंय?

पान इंटरनेटवर चढवलं. उघडून बघितलं. काय सांगू, मथळा मधोमध, मजकूर सरळ रेषेत, फोटो एकाखाली एक, जागच्या जागी! मलाच माझा अभिमान वाटला. मॅडमना लिंक पाठवली. एवढ्यावर थांबावं ना माणसानं? पण नाही, हौस! आत्यालाही पाठवली. तिचा चष्मा दुरुस्तीला गेलेला, तिनं काही वाचलं-बिचलं नाही, नुसतं बोट दाबून सगळ्या खानदानाच्या ग्रुपवर धाडली. वर बोलून संदेश, "आमच्या घरातला पहिला संशोधक! सगळ्यांनी वाचा!"

मी कॉलेजात पोचतोय न पोचतोय तोच ताईचा फोन. ताई म्हणजे आत्याची लेक. आधी नुसतं खिंकाळणं ऐकू आलं. मग म्हणाली, "अरे, आई झोपेचं सोंग घेते हे तू जगाला सांगून टाकलंस?"

"छे गं! सदस्य अ लिहिलंय मी."

"आत्या लिहिलंयस! चौकटीत! चांगलं ठळक दिसतंय!"

"अगं तिथं फोटो आहे!"

"फोटो-बिटो काही नाहीये रे!"

"पण माझ्याकडे तर दिसत होता!"

फोन ठेवतो तर मॅडम समोर. "तुमच्या पानावर एकही फोटो दिसत नाही." म्हटलं, "मॅडम, माझ्याकडे तर दिसतायत." चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "मग मार्क द्यायला मी तुमच्याकडे येऊ का?"

धाबं दणाणणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पळत पळत दाढीकडे गेलो. दाढी म्हणजे आमच्या वर्गातला कॉम्प्युटरवाला, त्याला या सगळ्यातलं कळतं, दुसऱ्या कशातलं कळत नाही. त्यानं पान बघितलं, आधी सगळी वर्णनं मनापासून वाचून काढली, दोनदा हसला, आणि मग म्हणाला, "गाढवा, फोटो वर चढवलेच नाहीस तू! पानाला पत्ता दिलायस तुझ्या घरच्या कॉम्प्युटरचा. तुझ्या घरी दिसणारच. बाकीच्या जगाला फोटो सापडत नाहीत, म्हणून त्या जागी मागचं वर्णन दिसतंय."

कळलं का काय झालं ते? मी जगाला सांगत होतो, फोटो बघायचेत? या आमच्या घरी, चपला बाहेर काढा, ताईच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर आहे, त्यात 'नवीन फोल्डर', त्याच्या पोटात आणखी एक 'नवीन फोल्डर', तिथं ठेवलेत! आणि तोवर हे वाचा, आत्या सोंगाडी आहे!

"मग काढ की ते!" मी ओरडलो. दाढी म्हणाला, "पासवर्ड?" पासवर्ड घरच्या कॉम्प्युटरमध्ये. आणि तेवढ्यात मला आठवलं... काका आज चष्मा आणायला जाणार होते!

मी जो सुटलो! बस मिळेना, मिळाली तर हलेना, सिग्नल काही सुटेना! आत्यानं बॅग भर म्हटलं तर कुठं जाणार होतो मी? आणि बॅगेचं एक वेळ सोडा हो, पण जिनं मला पोटच्या पोरासारखं ठेवलं, तिची अशी शोभा करायची? चुलत, मावस, पार नंदेच्या जावेपर्यंत? खिडकीतून बघत स्वतःशीच म्हणत होतो, माझ्याकडे तर दिसत होते, माझ्याकडे तर दिसत होते... शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसले.

दार उघडं. आत्या खुर्चीत, नाकावर चष्मा, हातात मोबाइल. काका खांबासारखे उभे. टीव्ही बंद! आमच्या घरात संध्याकाळी टीव्ही बंद म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं.

"बस," आत्या म्हणाली. तो शाळेतला आवाज. मी बसलो. काकाही बसले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ती मोठ्यानं वाचायला लागली. "झोपेचं सोंग घेऊन पडलेली... सोंग?"

"आत्या, ते म्हणजे..."

"सोंगच असतं ते. पुढे?" पुढचं वाचलं. "धीर गोळा करताना. मागितला नाही... अहो, धीर लागतो तुम्हाला?" काका छताकडे बघायला लागले. मग ती शेवटच्या चौकटीवर आली आणि एकदम हळू झाली. "आत्या घोरतेय. काका आवाज बंद करून बातम्या बघतायत, तिची झोप मोडू नये म्हणून."

आत्यानं चष्मा काढला. "रोज?"

काका म्हणाले, "अगं, बातम्यांत ऐकण्यासारखं असतंय काय? माणसं हात हलवतात, त्यावरून कळतं."

आत्यानं रिमोट उचलला आणि काकांच्या हातात दिला. दिला हो! माझ्या अख्ख्या पेपरचा निष्कर्ष माझ्या डोळ्यांसमोर खोटा पडला, आणि माझे डोळे भरून आले. काकांना बटणं सापडेनात, ते भलतंच दाबत बसले आणि कुठलातरी स्वयंपाकाचा कार्यक्रम लावून भक्तिभावानं बघायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. आत जाऊन पासवर्ड काढला, दाढीला फोनवर धरून सगळे फोटो नीट वर चढवले, वर्णनांत सदस्य अ, सदस्य ब केलं. ताईला विचारलं, दिसतायत? "दिसतायत!" मी बाहेर येऊन छाती फुगवून म्हटलं, "आत्या, आता बघ, आता सगळ्यांकडे दिसतंय."

आत्यानं बघितलं. आणि काय ओरडली! "डोळ्यांवर काळी पट्टी? मेल्या, मी काय दरोडा घातलाय? आणि हे? यांना पट्टी आणि शेजारी मी पट्टीत, नवरा-बायको मिळून पाकीटमारी करतो आम्ही? ग्रुपवर गेलं हे! काढ! आत्ताच्या आत्ता काढ!"

"पण आत्या, ते वर्णन..."

"ते राहू दे. 'आत्या' होतं ना, तेच परत घाल. सोंग घेते म्हणे, घेतेच! पण चोर नाहीये मी!"

काय करता? बसलो. एवढा खपून जे दुरुस्त केलं होतं, ते एक एक करून हातानं परत बिघडवलं. पट्टीवाले सगळे फोटो कॉम्प्युटरवरूनसुद्धा पुसायला लावले तिनं, शेजारी उभं राहून, आणि बिनपट्टीचे तर मी ठेवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "विषय चांगला, लिखाण चांगलं, वर्णनं तर उत्तम. पण अहो, फोटो अजून दिसत नाहीत."

म्हटलं, "मॅडम... आता माझ्याकडेही दिसत नाहीत."