मिक्सरला जामीन

हॅलो?… हॅलो, बसवराजआप्पा हायत का दुकानात?… आप्पा, मी नेकनूरची दगडाबाई… मेंढरंवाल्या जीवनची आई… हो, हो, दिवाळीला मिक्सर नेलता ती.

बंद पडलाय… संक्रांतीपासून… न्हाई, भांडाया न्हाई केला फोन. ऐका ना. माफी मागायची हाय.

अवो, गॅरंटीचा आंगठा माझाच ना? तुमीच म्हनलात, मावशी, वर्साची गॅरंटी हाय, हिथं आंगठा द्या… दिला की. जामीन ऱ्हायलं की भरून द्यावं लागतंय, मला ठाऊक हाय. आमच्या मालकानं सोसायटीत एकदाच आंगठा दिलता, दोन मेंढ्या गेल्या.

मी तर कुनाला हात लावू देत नव्हते. सुनंनं घेतला, योगितानं… शेंगदान्याची चटनी कराया. गुरगुरला अन् गप. लई बोलले आप्पा तिला… लई म्हंजी लई. पालीला गेली माहेरी, अजून आली न्हाई. घर खायला उठतंय.

म्हनून म्हनते, एक मेंढा देते भरपाईला. चालंल का?… धाडून देऊ?… बरं.

थांबा, आप्पा… काय गं स्वप्नाली?… ही फोनच्या दुकानातली पोरगी, मिक्सरचं गॅरंटी कार्ड वाचतीय… आं? कुनी द्यायची गॅरंटी?… परत वाच… कंपनीनं? मला?… अन् माझा आंगठा?… माल मिळाला, एवढ्याचाच?

आप्पा?… हायत का?… खोकू नका, मीटर पळतंय. ही म्हंती, वर्साच्या आत बिघडला तर तुमी फुकट नीट करून द्यायचा… हां, पाटी बघितलीय मी, विकलेला माल परत घेनार न्हाई… पाटीनं काय होत न्हाई म्हंती. बीडला ग्राहक मंच हाय… वकील लागत न्हाई, साध्या कागदावर अर्ज… आंगठा चालतोय का गं?… चालतोय म्हंती.

मिस्त्री धाडता? घरी?… न्हाई, मेंढा आता न्हाई.

काय म्हनलात?… सुनंची चुकी न्हाई?… त्या खेपेचे समदेच जळले?… किती परत आले?… अकरा.

अन् तुमाला ठाऊक हुतं.

न्हाई, चिडले न्हाई. मिस्त्री उद्या नगं, परवा धाडा. उद्या मी पालीला चालले… सुनंच्या पाया पडाया… कावून? सासूनं कावून पडू नये?… ते तुमी नगा सांगू आप्पा. ठिवते.