खोळीतला संशयित

“चोऱ्या बंगल्यांत व्हत्यात, अन् कॅमेरे आमच्या मेंढपाळ वस्तीवर! लाज कशी वाटत नाय?”

म्हाळसाबाईचा आवाज चढला, तशी शेंद्र्याच्या बसच्या रांगेत पुढं उभी असलेली रत्नमाला वळून ऐकू लागली.

“मावशी, असं पोलीस साहेबाला तोंडावर बोललीस?” सोबतच्या शेजारणीनं विचारलं.

“मग! माझ्या लेकाला, भारतला, चौकीत बसवलं. म्हणं, पहाटं तोंड झाकून फिरतो, कॅमेऱ्याच्या मशिनीनं संशयित ठरवलाय.”

“अगं बया! थंडीत घोंगड्याची खोळ घेतल्याबिगर मेंढरांमागं कोण जातं?”

“साहेब म्हणला, मशीन चुकत नाय. म्हणलं, मग घ्या ही खोळ, अन् ऱ्हा उभं कॅमेऱ्यापुढं.”

“ऱ्हायला?”

“हसत ऱ्हायला. मशीन म्हणली, संशयित!”

“लई जिगरीची गं तू!”

“भारतला सोडलं. पण साहेबाचा फोटो तिथंच पुसला, भारतचा संशयितांच्या यादीत ठेवलाय.”

“अन् आता?”

“चौकीतच चाललेय.”

रत्नमाला बाजूला सरली. “मावशी, तुम्ही पुढं व्हा. पण विचारणार काय?”

“साहेब, घोंगडं एकच, खोळ एकच. तुमचा फोटो पुसला, मग माझ्या लेकराचा का ठेवला? जवाब द्या!”