झुंबरबाईंनी शिकवलेला कोयता

सिनेमा बघून डोळे पुसत आलेली पूजा नगरच्या स्टँडवर पाथर्डीच्या गाडीला उभी होती. तोच सिनेमा बघून आलेल्या, ऊसतोडणीला जाणाऱ्या झुंबरबाई तिच्या मागं सुनेपुढं भडकल्या होत्या.

"हळू बोला की, आत्या," सून म्हणाली.

"का हळू? शूटिंगच्या आधी त्या हिरॉइनीला उसाच्या फडात चार दिवस कोयता धरायला मीच शिकवलं. अन् सिनेमात ऊस तोडतो नवरा, ही बांधावर भाकर घिऊन लाजती!"

"शेवटी धरलाय की तिनं कोयता."

"मुकादमानं हात धरल्यावर! अन् चालवला सोताच्याच गळ्यावर!"

"अब्रू गेली तिची."

"हात धरला त्यानं, अन् अब्रू हिची गेली व्हय गं?"

"तुमी काय केलं असतं?"

"केलंय! आपल्या जुन्या मुकादमाच्या डाव्या हाताला तीनच बोटं हायेत. त्या डायरेक्टरला मी हेच सांगितलं हुतं."