टोपली रोज भरते

होडीच्या रांगेत पुढे उभ्या मायलेकींचं बोलणं कानावर पडलं आणि मास्तरांनी पेपर मिटला. लेक खाडीतल्या शिंपल्यांची मोजणी करायला आली होती. आईचा जन्म ते वेचण्यात गेलेला.

“आई, दोन रीती आहेत. तुम्हा वेचणाऱ्या बायकांच्या रोजच्या टोपल्यांवरून अंदाज बांधायचा, नाहीतर चिठ्ठ्या टाकून जागा निवडायच्या आणि तिथे खणून मोजायचं.”

“शिंपला नाही तिथेही खणणार?”

“तिथेही.”

“वेडी का काय! माझी टोपली बघ की. वीस वर्षं रोज भरते.”

“म्हणजे शिंपले कमी झालेले नाहीत?”

“पूर्वी धक्क्याखालीच भरायची. आता पार दीपस्तंभापर्यंत चालावं लागतं.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू टोपलीचं विचारलंस. पायांचं कुठे विचारलंस?”

“मग चिठ्ठ्याच टाकायला हव्यात. पण आकडा कमी आला, तर दोन वर्षं वेचणं बंद. तुझंसुद्धा.”

रांग पुढे सरकली. मास्तर हललेच नाहीत.

“पहिली चिठ्ठी धक्क्याखालची काढ.”

“अगं, ठरवून नसते काढायची.”

“बरं, डोळे मिटून काढ. पण खणायला मी येणार. तुला लहानपणापासून एक शिंपला सापडत नाही.”