रेवाचं नाव

खरं सांगू, दिल्लीत इतिहास शिकून अकोल्याला परतले तेव्हा वाटलं होतं, इथे वाचक शोधावे लागतील. पण वाचनालयाचं काम हाती घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात फुलं विकणाऱ्या सुमनकाकू भेटल्या. ऐतिहासिक कादंबऱ्या त्या अक्षरशः फस्त करायच्या.

एकदा पुस्तक परत देताना म्हणाल्या, "थ्या रेवा दासीनं राणीच्या वाटचं इख पेलं. वाचता वाचता माह्ये हार तसेच सुकले."

मी उत्साहात म्हणाले, "काकू, विष पिणारी ती रेवा नव्हतीच. एकाही कागदपत्रात नाही. लेखकानं रचलीय ती."

काकू पुस्तकावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"नव्हतीच?"

"नाही."

"उद्या नातीचं बारसं हाय, तुमी बी या. तिचंच नाव ठेवून राहिलो होतो आमी."

"मग ठेवा ना. छान आहे नाव."

"नावाचं काय वं, मॅडम. मले वाटलं, अशी कोनी बाई खरंच जगून गेली."

त्या दिवशी काकू पहिल्यांदाच नवीन पुस्तक न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारशाला निघताना मी ठरवून टाकलं. काकूंना सांगायचं, माझंच वाचन कमी पडलं, रेवा होती.