पाठमोऱ्या बाईचं वाक्य

सन्माननीय अध्यक्ष कबीरुद्दीन साहेब, व्यासपीठावर बसलेले आमच्या वाहिनीचे कार्यक्रमप्रमुख मोस्ताक साहेब, जिच्या निरोपासाठी आपण सगळे इथे जमलो ती आमची लुत्फुन्नाहार खाला, आणि समोर बसलेले डबिंगमधले माझे आवाजाचे सोबती हो,

खालाबद्दल बोलण्याआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. ती केल्याशिवाय बाकीचं बोलले, तर ते खोट्याच्या पायावर उभं राहील.

गेल्या वर्षी याच सभागृहात ‘काचेचा किनारा’ या मालिकेच्या शंभराव्या भागाचा सोहळा झाला. तेव्हा एका पत्रकाराने मला विचारलं होतं, “कुलूप तोच लावतो, ज्याला गमावायची भीती असते, हे वाक्य मूळ तुर्कीतलंच आहे का?” मी माइकवर म्हणाले, “हो, मुळातलंच आहे. खालाने ते फक्त बंगालीत आणलं.” हे खरं नव्हतं. तुर्कीत तिथे काहीच नाही. ते वाक्य माझं आहे. खाला तेव्हा दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने ऐकलं आणि पर्समधून सुपारी काढून तोंडात टाकली.

आता खालाबद्दल.

बावीस वर्षं तिने परदेशी माणसांच्या तोंडी आपली भाषा घातली. ती माझी सख्खी मावशी आहे, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. थोड्यांना वाटतं की म्हणूनच मला काम मिळालं. ते काही प्रमाणात खरंही आहे. माझी पहिली शाळा म्हणजे तिच्या वडिलांची, माझ्या नानांची खाट. नानांची दृष्टी गेली होती. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. कधी कंटाळून मधलं गाळलं, कधी मनचं घातलं, की नाना काठी जमिनीवर आपटायचे. “जे आहे ते वाच. तुझं तुझ्याजवळ ठेव.” त्यांना कसं कळायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

खालाचा नियम थोडा सैल होता. नवीन मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगायची, “बाई समोर तोंड करून असेल तर ओठांची गुलामी करा. बाई पाठमोरी झाली की आपलं राज्य.” आमच्या धंद्यातली ही सोय सगळ्यांना माहीत आहे. पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, कारण ओठ दिसत नाहीत. खाला या राज्यात फार कमी वेळा शिरली, आणि शिरली तेव्हा “सांभाळून जा” किंवा “जेवलास का” एवढंच बोलून परत आली.

मी एकदाच शिरले. एकसष्टावा भाग. ज्यांनी तो पाहिला नसेल (असं कुणी ढाक्यात असेल तर), त्यांच्यासाठी सांगते. नायक तारिक नायिकेला समुद्रकाठच्या घरात तीन दिवस कुलूप लावून ठेवतो. चौथ्या सकाळी दार उघडतं. नायिका नेवरा, जिला मी आवाज देते, पाठमोरी फाटकाकडे चालत जाते. अडतीस सेकंद. फक्त लाटांचा आवाज. मोस्ताक साहेबांचा निरोप आला होता, की एवढी शांतता नको, लोकांना वाटेल टीव्ही बिघडला. खाला नमाजाला गेली होती. आमचा ध्वनिमुद्रक बिप्लबदा काचेपलीकडून म्हणाला, “बोल की काहीतरी. पाठमोरी आहे, ओठांची कटकट नाही.”

मी बोलले. पहिल्याच खेपेत. बिप्लबदाने अंगठा वर केला आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. हेही सांगायला हवं. मला ते वाक्य मनापासून आवडलं होतं. माझ्यावरही कुणीतरी एवढं प्रेम करावं, असं त्या दिवशी वाटलं होतं.

खाला परतली, तिने ऐकलं, आणि विचारलं, “ही बाई घर सोडून चाललीय की आभार मानतेय?” सगळे हसलो. भाग त्याच संध्याकाळी द्यायचा होता. तो गेला.

पुढचं आपल्याला माहीत आहे. रिक्षांच्या मागे लाल कुलूप रंगवलं जाऊ लागलं आणि खाली ते वाक्य. लग्नाच्या व्हिडिओंत ते आलं. मोस्ताक साहेबांनी मला मिठाई पाठवली होती, ती मी खाल्ली.

माझी मोठी बहीण शाहिनूर मुन्शीगंजला दिलेली आहे. मी तिला बुबू म्हणते. आज तिची गोष्ट मी तिच्या परवानगीने सांगते आहे. मी म्हटलं होतं, नाव घेत नाही. ती म्हणाली, “घे. नाही घेतलंस तर लोक बिचाऱ्या दुसऱ्याच कुणाच्या बहिणीवर ढकलतील.”

गेल्या नोव्हेंबरात बुबूला प्राथमिक शाळेत नोकरी लागली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याने, दुलाभाईंनी, तिचा फोन घेतला आणि खोलीला बाहेरून कुलूप लावलं. दोन दिवस. शेजारणीकडून आम्हाला कळलं, आम्ही गेलो, आणि रीतीप्रमाणे अंगणात सालिशची पंचायत बसली. दोन्हीकडची सहा वडीलधारी माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. बुबूने उभं राहून एवढंच सांगितलं, “मला इथे राहायचं नाही. मला ढाक्याला आईकडे जायचंय.”

आमचे मोठे चाचा खाकरले. त्यांना वाईट वाटलं असावं. ते काही बोलणार, तेवढ्यात बुबूच्या सासूबाई म्हणाल्या, “अगं पोरी, माझा मुलगा काय राक्षस आहे? प्रेम आहे म्हणून जीव घाबरतो त्याचा. त्या मालिकेत नाही का म्हणत? लाव गं जरा.” नणंदेने फोनवर ते दृश्य लावलं.

अंगणात माझा आवाज आला.

तिच्या सासरचे एक चाचा हसून म्हणाले, “बघा, टीव्हीवरच्या बाईला कळतं ते आमच्या सुनेला कळत नाही.” सगळे हसले. हसण्यात विषय मिटला, आणि असं ठरलं की बुबूने सहा महिने राहून पाहावं. तिच्या सासरी माझ्याबद्दल ‘टीव्हीच्या कचेरीत असते’ एवढंच माहीत होतं. आवाज कुणी ओळखला नाही. बुबूने ओळखला. तिने माझ्याकडे पाहिलं, रिकामे कप गोळा केले आणि आत गेली. सभ्य लोकहो, मी एक शब्द बोलले असते, तर काय झालं असतं? मला माहीत नाही. पण मी बोलले नाही, हे माहीत आहे.

नंतर एकदा शेजारणीच्या फोनवरून बुबू म्हणाली, “तू नानांना वाचून दाखवायचीस तेव्हा मी खाटेपाशी बसून ऐकायचे. नानांनी काठी आपटली, की मग एक अक्षर जास्त नसायचं. नेमकी इथेच कशी गं घसरलीस?” तिच्या आवाजात राग नव्हता. त्याच फोनवर तिने सांगितलं, की तिने स्वतः दुसरी सालिश मागितली आहे. “येशील?” मी हो म्हटलं.

मग मी खालाकडे गेले आणि अंगणातलं सगळं कबूल केलं. ती म्हणाली, “माझ्या निरोपाला सांग. लोक जेवणासाठी थांबलेले असतात, उठून जात नाहीत.” दुसऱ्या दिवशी तिने पुनःप्रक्षेपणाच्या प्रतीतून ते वाक्य काढून टाकलं. मोस्ताक साहेब म्हणाले, “आपा, लोक ते वाक्य ऐकायलाच तर बसतात.” खाला म्हणाली, “मग थोडा वेळ उभे राहतील.” बावीस वर्षांतलं तिचं शेवटचं काम हेच, अडतीस सेकंद लाटा परत जागेवर ठेवण्याचं. तिच्या सत्काराला याहून मोठी गोष्ट माझ्याजवळ नाही.

खाला, तुझ्या माथी मी जे वाक्य मारलं होतं ते आज सर्वांसमोर परत घेते. अध्यक्ष महोदय, मला वेळ दिलात, आभारी आहे. मोस्ताक साहेब, माझ्या बोलण्याने आपली अडचण झाली असेल, तर ती पोटात घाला. आतमध्ये कोंबडीचा मोरग पुलाव निवतो आहे आणि मी घरची धुणी इथे धुतली, त्याबद्दल आपण सर्वांनीही मोठ्या मनाने क्षमा करावी.

फोनमध्ये ते दृश्य मी मुळात होतं तसं घेतलं आहे. अंगणात ते लावीन, मग त्याच आवाजात सांगेन की हे वाक्य माझं होतं, त्या बाईने काहीच म्हटलं नव्हतं, ती चालत बाहेर गेली होती. बुबूची बॅग भरलेली आहे. सालिश मुन्शीगंजला आहे, जुम्म्याच्या नमाजानंतर, येत्या शुक्रवारी, सोळा जानेवारीला.