गच्चीवरचं हळदीकुंकू

ग्वाल्हेरला जयेंद्रगंजमधल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बापलेक नंबराची वाट बघत होते.

“यशू, आज तुमचा सॅटेलाइट ग्वाल्हेरचा फोटो काढणार ना?”

“नाही, बाबा. पलीकडच्या जंगलात वणवा लागलाय. एका फेरीत तो दोन्हीकडे वळू शकत नाही. काल मीच वेळापत्रक बदललं.”

“बरोबर केलंस.”

“आईला तुम्ही सांगा ना, प्लीज.”

“मी? अगं, चैत्राचं हळदीकुंकू तिने गच्चीवर ठेवलंय. भर उन्हात! सगळ्याजणींना लाल साड्या नेसून बोलावलंय.”

“अरे यार! बाबा, इतक्या वरून माणसं थोडीच दिसतात?”

“ठाऊक आहे तिला. म्हणूनच सगळ्यांना खेटून बसवलंय. तेवढा लाल ठिपका बघून तुला घर ओळखता येईल, म्हणते.”